ॲल्युमिनियमच्या उघड्या भागांना लेप कोणता?

लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आतले लोखंड पुन्हा उघडे होते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा घट्ट थर बसतो व तोच धातू राखतो. मग मोटारीच्या भागांना लेप हवा कशाला? कारण मीठ हा थर जागोजागी भेदते, तर तीव्र आम्ले व आम्लारी तो विरघळवतात.

चकचकीत चाकावर पारदर्शक लॅकर मारण्याचा मोह होतो. पण गुळगुळीत धातूवर लॅकरची पकड कच्ची. खडा लागून टवका उडाला की खारट ओल आत शिरते आणि लॅकरखाली किड्याने कोरल्यासारख्या रेषा पसरतात. मग सगळा लेप काढण्यावाचून गत्यंतर नाही. त्यापेक्षा मेण बरे. ते वरचेवर लावावे लागते, एवढेच.

पत्र्याच्या भागांना ॲनोडायझिंग उत्तम. यात आम्लाच्या द्रावणात वीज सोडून तोच ऑक्साइड ५ ते २५ मायक्रोमीटरपर्यंत वाढवतात व उकळत्या पाण्यात त्याची छिद्रे मिटवतात. सिलिकॉन जास्त असलेल्या ओतीव भागांवर मात्र हा थर काळपट, डागाळलेला दिसतो. तेथे रासायनिक अस्तर देऊन पावडर कोटिंग करावे.

वर्गात सेल, बल्ब व तारा घ्या. ॲनोडाइज केलेल्या खिडकीच्या पट्टीवर तारा हलकेच टेकवल्या तर बल्ब लागत नाही. तीच पट्टी कानशीने घासली की लागतो.