जुन्या सुरईतील मद्य

जुने ते सोने, ही म्हण मद्याच्या बाबतीत विशेष आवडीने सांगितली जाते. परंतु मद्य किती जुने आहे, याबरोबरच ते इतकी वर्षे कशात राहिले, हेही विचारावयास हवे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात मुख्यत्वे मक्यापासून होणारी बोर्बन व्हिस्की प्रसिद्ध आहे. १९५० नंतरच्या दोन-तीन दशकांत जिम बीमसारख्या उत्पादकांनी ती चिनी मातीच्या शोभिवंत सुरयांतून विकली. पक्षी, मोटारी, आगगाडीची इंजिने अशा नाना आकारांच्या या सुरया पुष्कळ घरांत न उघडताच राहिल्या आणि पुढे वारसांच्या हाती आल्या. वडिलांनी जपून ठेवलेले हे मद्य प्यावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

बोर्बनला रंग व सुगंध येतो तो आतून जाळलेल्या ओक लाकडाच्या पिंपात. पिंपातून बाहेर काढल्यावर ती मुरत नाही. सुरईत पन्नास वर्षे गेली तरी तिची गुणवत्ता तिळभरही वाढत नाही. उलट बूच सुकले की मद्यार्क उडून जातो व चव बिघडते.

याहून मोठा धोका शिशाचा. चिनी मातीच्या भांड्यांना चकाकी यावी म्हणून काही झिलयांत शिसे घालीत. झिलई सदोष असली किंवा भट्टीत नीट भाजली गेली नसली, तर ते शिसे हळूहळू मद्यात उतरते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवू नये, हे घरोघरी ठाऊक असते. येथेही तसाच प्रकार घडतो. १९९१ साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी शिसेयुक्त स्फटिक-काचेच्या पात्रांत पोर्ट मद्य ठेवून पाहिले. चार महिन्यांत एका पात्रात शिशाचे प्रमाण लिटरमागे ५,००० मायक्रोग्रॅमच्या वर गेले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा अवघी १० आहे. पात्र निराळे असले तरी काळ जितका अधिक, तितका धोका अधिक, हा बोध सुरईलाही लागू पडतो.

प्रत्येक सुरई विषारी असते असे नव्हे; मात्र दोष डोळ्यांना दिसत नाही व जिभेला कळत नाही. शिसे हाडांत साठते आणि मज्जासंस्था, मूत्रपिंड व रक्त यांना अपाय करते.

म्हणून बूच हलक्या हाताने काढावे. मद्य स्वच्छ फडक्यातून गाळून साध्या काचेच्या बाटलीत भरावे, नवे बूच घट्ट बसवावे आणि बाटली थंड, अंधाऱ्या जागी उभी ठेवावी. गाळल्याने बुचाचा भुगा निघतो, विरघळलेले शिसे निघत नाही; उकळल्याने तर ते अधिकच दाट होते. यास्तव थोडा नमुना प्रयोगशाळेत शिशासाठी तपासून घ्यावा व निर्णय येईपर्यंत घोटभरही पिऊ नये. शिसे आढळल्यास मद्य टाकून द्यावे.

रिकामी सुरई फडताळात शोभेसाठी ठेवावी. तीत पुन्हा पेय भरू नये. वडिलांची आठवण त्या सुरईतही राहतेच. त्यासाठी आतले मद्य पिण्याची गरज नसते.