सिरोंचाच्या नदीचे नाव, पोलंडची विनाशिका

सिरोंचाला प्राणहिता गोदावरीला मिळते. चंद्रपूरच्या कोळसा खाणींजवळून वाहणारी इरई वर्धेत शिरते, चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि हे सगळे पाणी शेवटी गोदावरीच्या पदरात पडते. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही या नदीचे नाव लावून तीन युद्धनौका समुद्रावर फिरल्या. त्यातली मधली सर्वांत विलक्षण, कारण ‘गोदावरी’ होण्याआधी तिने आणखी दोन नावे लावली होती.

इंग्लंडमध्ये टाईन नदीकाठच्या हेबर्न इथे १९४१मध्ये तिचे जलावतरण झाले. ‘हंट’ वर्गातल्या विनाशिकांना कोल्ह्याची शिकार करणाऱ्या मंडळांची नावे देत. हिला ‘बीडेल’ हे नाव मिळाले. सुमारे ८५ मीटर लांबी, चार इंची सहा तोफा, वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास. समुद्रावरच्या काफिल्यांना सोबत करणे हे या वर्गाचे मुख्य काम. नौका लहान, पण चिवट. याच वर्गातली ‘आद्रियास’ ग्रीक नौदलाकडे होती. ऑक्टोबर १९४३मध्ये एजियन समुद्रात सुरुंगाने तिचा पुढचा भाग उडवला, तरी ती तशीच अलेक्झांड्रियाला पोहोचली.

‘बीडेल’ १९४२मध्ये पोलंडला देण्यात आली. पोलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, पण त्याचे नौदल ब्रिटिश बंदरांतून लढत होते. अशा तीन ‘हंट’ नौकांना पोलिश खलाशांनी आपल्या प्रांतांतल्या माणसांची नावे दिली: क्राकोवियाक, कुयावियाक आणि ही श्लॉन्झाक, म्हणजे सायलेशियाचा माणूस. सायलेशिया हा कोळशाचा मुलूख, आणि युद्धात तो जर्मनीने गिळलेला. हातातून गेलेली माती त्यांनी नौकेच्या नावात जपली, हे वाचताना मन भरून येते. ऑगस्ट १९४२मध्ये ती दिएपच्या रक्तरंजित छाप्यात होती, पुढच्या वर्षी सिसिलीच्या किनाऱ्यावर आणि ६ जून १९४४ला नॉर्मंडीत.

१९४६मध्ये ती ब्रिटिशांकडे परतली आणि १९५३मध्ये भारतीय नौदलात आली. सोबत तिच्या दोन बहिणी होत्या, ‘गोमती’ आणि ‘गंगा’. ‘गोदावरी’ हे नाव तेव्हा मोकळे होते. ते आधी एका स्लूपचे होते, जिने ‘फाइंडहॉर्न’ या ब्रिटिश फ्रिगेटबरोबर ऑगस्ट १९४४मध्ये सेशेल्सजवळ यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. फाळणीत ती स्लूप पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचे नाव ‘सिंध’ झाले. अशा रीतीने एका कोळशाच्या मुलखाचे नाव उतरवून या विनाशिकेने दुसऱ्या कोळशाच्या मुलखातून वाहत येणाऱ्या पाण्याचे नाव लावले. तिच्या डेकवरच्या कुणाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण चंद्रपूरच्या माणसाला ते ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

मार्च १९७६मध्ये मालदीवजवळ ती उथळ पाण्यात रुतली. नुकसान मोठे होते. १९७९मध्ये ती मोडीत निघाली.

नाव पुन्हा मोकळे झाले, आणि या वेळी नौका परदेशातून आली नाही. भारतातच आखणी झालेली फ्रिगेट मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १० डिसेंबर १९८३ला ‘गोदावरी’ म्हणून नौदलात दाखल झाली. नोव्हेंबर १९८८मध्ये मालदीवमधला सत्तापालटाचा डाव फसल्यावर भाडोत्री बंडखोर ओलिसांना घेऊन ‘प्रोग्रेस लाईट’ या मालवाहू जहाजातून पळाले. त्यांना समुद्रात गाठले ते याच ‘गोदावरी’ने. तिच्याआधीची गोदावरी बारा वर्षांपूर्वी रुतली होती, तीही मालदीवजवळच.