मस्तिष्क-आरोपणोत्तर संक्रामण
मस्तिष्कात बसविलेल्या उपकरणाभोवती शस्त्रक्रियेनंतर होणारा सूक्ष्मजंतूंचा उपद्रव. खोल मस्तिष्क उद्दीपन हे अशा आरोपणाचे प्रमुख उदाहरण होय. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनॉबल येथे आलिम-लुई बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपावर थॅलॅमसाच्या सतत विद्युत् उद्दीपनाचा उपाय मांडला. पुढे ही पद्धत पार्किन्सन रोगातही रूढ झाली. उपकरणाचे तीन भाग असतात : मस्तिष्कातील विद्युत् अग्रे, कातडीखालून मानेतून नेलेली तार आणि बहुधा गळपट्टीच्या हाडाखाली बसविलेले स्पंदजनित्र.

कारणे : पुंजगोलाणू हे प्रमुख कारक जंतू असून ते बहुधा रुग्णाच्याच त्वचेवरून वा नाकातून येतात. उपकरणाच्या पृष्ठभागास रक्तपुरवठा नसतो. त्यावर चिकटलेले जंतू स्वतःभोवती चिकट थर (जैवपटल) तयार करतात. या थरातील जंतूंवर प्रतिजैव औषधांचा व शरीराच्या संरक्षक कोशिकांचा पुरेसा प्रभाव पडत नाही. त्यामुळे केवळ औषधाने रोग दबला, तरी तो पुन्हा उद्भवू शकतो.

लक्षणे : संक्रामण बहुधा पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः स्पंदजनित्राच्या जागी दिसून येते. त्या जागी लाली, सूज, वेदना व पू ही लक्षणे आढळतात. तारेवरील कातडी झिजून तार उघडी पडते. ताप असतोच असे नाही. मस्तिष्कावरणशोथ व मस्तिष्क विद्रधी क्वचितच होतात, परंतु ते प्राणघातक ठरू शकतात.

उपचार : संक्रामण वरवरचे असल्यास प्रतिजैव औषधे पुरतात. ते खोलवर गेल्यास स्पंदजनित्र व तार काढून, शक्य असल्यास मस्तिष्कातील अग्रे राखून, काही आठवडे औषधे देतात; कवटीच्या आत प्रसार झाल्यास सर्व भाग काढावे लागतात. हा निर्णय सोपा नसतो. उद्दीपन थांबताच कंप व ताठरपणा परततो. दीर्घकाळ त्यावर अवलंबून असलेल्या पार्किन्सन रुग्णात तीव्र ताठरपणा व उच्च ज्वर येऊन क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून उपकरण काढताना पर्यायी औषधयोजना आधीच ठरवितात.

प्रतिबंध : छेद घेण्यापूर्वी प्रतिजैव औषध देणे, त्वचेचे काटेकोर निर्जंतुकीकरण, वस्तऱ्याऐवजी यंत्राने केस कापणे व मधुमेहाचे नियंत्रण हे मुख्य उपाय होत. विद्युत् घट संपल्यावर स्पंदजनित्र बदलण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत हा धोका पुन्हा संभवतो. पुनर्भारणक्षम घटामुळे अशा शस्त्रक्रियांची संख्या कमी होते. जखमेतील अल्पशी लालीही रुग्णाने तत्काळ शल्यचिकित्सकास दाखविणे हितावह असते, कारण लवकर निदान झाल्यास उपकरण वाचण्याची शक्यता वाढते.