तिरप्या उन्हातील आयर्लंड

माळव्यात किंवा गुजरातेत ऑगस्टच्या मध्याला सूर्य मावळला की जेमतेम घटकाभरात दिवेलागण होते. त्याच दिवशी आयर्लंडच्या पश्चिमेस गॉलवे परगण्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही सुमारे चाळीस मिनिटे संधिप्रकाश रेंगाळतो. या फरकाचे कारण अक्षांशात आहे. इंदूर साधारण २३ अंशांवर, तर गॉलवे ५३ अंशांवर. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली बराचसा सरळ उतरतो. तेथे तो तिरप्या वाटेने सावकाश उतरतो. म्हणून तेथील संध्याकाळ दीर्घ असते.

मावळतीचे किरण हवेच्या जाड थरातून दूरवर येतात. त्यांतील निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि सोनेरी-तांबूस तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, हे प्रयोगाने दाखविणारे जॉन टिंडल हे आयर्लंडचेच; त्यांचा जन्म १८२० सालचा, कार्लो परगण्यातला. या सोनेरी प्रकाशाखाली जे हिरवेपण पसरलेले असते, ते अटलांटिकचे देणे आहे. सागरी प्रवाहामुळे हिवाळा सौम्य राहतो, वर्षभर झिमझिम पाऊस पडतो आणि गवत क्वचितच सुकते. उन्हाळा सरताना दलदली माळांवर हेदरची जांभळी फुले येतात, कुंपणांवर फ्यूशियाचे लाल लोलक झुलतात, आणि चुन्यामातीविना रचलेल्या दगडी गडग्यांच्या सावल्या कुरणांवर लांबत जातात.

परंतु हा तिरपा प्रकाश आणखीही काही दाखवितो. मानेतील शिरेचे स्पंदन समोरच्या झगझगीत उजेडात दिसत नाही. बाजूने प्रकाश टाकला की लगेच दिसते, हा आपणा वैद्यकांचा नित्याचा अनुभव. किलरी खाडीकाठच्या डोंगरउतारांचेही तसेच आहे. दुपारी निव्वळ हिरवे वाटणारे हे उतार संध्याकाळी एकाएकी समांतर वरंब्यांनी भरून जातात. हे बटाट्याचे जुने वाफे होत. कुदळीने माती उपसून, समुद्रशेवाळाचे खत घालून, गरीब कुळांनी ते थेट चढणीपर्यंत नेले होते.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसदृश जीवाने उभे पीक काळे पाडले आणि पुढील वर्षांतही ते पुनःपुन्हा बुडविले. देशातून अन्य धान्याची निर्यात मात्र चालूच होती. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि तितकीच किंवा अधिक देशोधडीस लागली. अनेक वाफ्यांवर त्यानंतर कुदळ पडली नाही. वर गवत वाढले, आकार तेवढा राहिला.

यांतील बहुतेक मृत्यू निव्वळ उपासमारीने झाले नाहीत. टायफस, पुनरावर्ती ज्वर आणि अतिसार यांनी ते घडविले. अन्नछत्रे, अनाथालयवजा श्रमगृहे आणि दुष्काळी कामे यांवर क्षीण माणसांची दाटी झाली. अंगावरचे कपडे बदलण्याची सोय नव्हती. उवा वाढल्या आणि पहिले दोन्ही ज्वर उवांमार्फतच पसरतात. त्या काळी हे ठाऊक नसल्याने उपचार करणारे डॉक्टरही मोठ्या संख्येने बळी पडले. ‘चेन-स्टोक्स’ श्वसनामुळे आपणा सर्वांस परिचित असलेले डब्लिनचे विल्यम स्टोक्स यांनी जेम्स क्युसॅक यांच्यासह १८४८ साली आयर्लंडमधील ज्वराने मृत्यू पावलेल्या वैद्यकांची नोंद प्रसिद्ध केली. आपल्याच सहकाऱ्यांच्या मृत्यूची मोजदाद करणे किती जड गेले असेल, हे आपण २०२० आणि २०२१ साली जाणले आहे.

१८४१ च्या शिरगणतीत आयर्लंड बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते. २०२१-२२ च्या शिरगणतींत, उत्तर आयर्लंड धरूनही, सुमारे ७० लाखच. तेव्हा ज्या निवांत, निर्मनुष्य हिरवाईवर प्रवासी मुग्ध होतो, तिच्यातील शांतता सर्वस्वी निसर्गदत्त नाही. तिचा काही भाग माणसे नाहीशी झाल्यामुळे आलेला आहे.

हे जाणल्याने त्या संध्याकाळचे सौंदर्य उणावत नाही. रुग्णाचा पूर्वेतिहास कळला म्हणून त्याच्या चेहऱ्यावरील हास्य खोटे ठरत नाही. ते अधिक आदराने पाहिले जाते, एवढेच. सूर्य पुरता बुडतो, वरंब्यांच्या सावल्या मिटतात आणि डोंगर पुन्हा सपाट हिरवा, मग निळसर, मग काळा होतो. दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र असले, तर त्याच वेळी ते वाफे पुन्हा दिसू लागतात.