विरळ वस्ती, डिजिटल शासन आणि भाषा : मंगोलियाचे उदाहरण

सरकारी सेवा संगणकावर आणणे म्हणजे कागदी अर्ज पडद्यावर उतरवणे, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे हे मंगोलियाकडे पाहिले की कळते. या देशाचे क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट; लोकसंख्या मात्र ३५ लाखांच्या आसपास. त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक राजधानी उलानबातरमध्ये राहतात. उरलेल्यांत मोठा वर्ग पशुपालकांचा. गेर नावाच्या गोल तंबूत राहणारी ही कुटुंबे ऋतूप्रमाणे कुरणे बदलतात. प्रशासनाच्या दृष्टीने त्यांचा पत्ताच स्थिर नसतो.

अशा कुटुंबाला एका दाखल्यासाठी 'सुम' म्हणजे तालुकावजा केंद्र गाठायचे, तर अख्खा दिवस मोडतो. तिथून 'आयमाग' या प्रांताच्या गावी पाठवले, तर आणखी एक दिवस. कडक हिवाळ्यात कळप सोडून जाणे परवडत नाही. २०२३-२४ च्या 'झुड'मध्ये, म्हणजे बर्फाने चारा झाकून टाकणाऱ्या आपत्तीत, ७० लाखांहून अधिक जनावरे दगावली. म्हणून इथे नियोजनाचा पहिला प्रश्न असतो, 'नागरिकाच्या किती खेपा वाचतील?'

ऑक्टोबर २०२० मध्ये 'ई-मंगोलिया' हे एकत्रित सेवादालन सुरू झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये डिजिटल विकासासाठी स्वतंत्र मंत्रालय आले. पण खेपा वाचवणारी खरी यंत्रणा दिसत नाही. ती आहे 'खुर' ही माहिती-विनिमय प्रणाली. एका खात्याकडे असलेली नोंद दुसऱ्या खात्याने परस्पर घ्यायची. ही देवघेव नसेल, तर नागरिक एका खात्याचा दाखला दुसऱ्या खात्याला नेऊन देणारा हरकाऱ्याच ठरतो. फरक इतकाच की आता तो मोबाइलवरून धावतो.

वीज आणि माणूस हे पुढचे दोन प्रश्न. विजेचा पाया आधीच घातला गेला होता : २०१२ पर्यंत सुमारे एक लाख पशुपालक कुटुंबांकडे उचलून नेता येणारे सौरसंच पोचले होते. माणसाचे उत्तरही जुन्या व्यवस्थेतच आहे. सुमखालच्या 'बग' या घटकाचा प्रमुख आपल्या हद्दीतील कुटुंबांना ओळखतो, आणि वर्षअखेरच्या पशुगणनेत घरोघरी संपर्क होतोच. ज्या म्हाताऱ्या पशुपालकाला पडदा वाचता येत नाही, त्याच्यासाठी असा माहितीचा मध्यस्थ ठेवावाच लागतो. तो काढून टाकला, तर अंतर कमी न होता फक्त त्याचे रूप बदलते.

शेवटचे अंतर भाषेचे. मंगोल भाषा गेल्या शतकाच्या चाळीशीपासून सिरिलिक लिपीत लिहिली जाते. १ जानेवारी २०२५ पासून शासकीय दस्तऐवजांत पारंपरिक मंगोल लिपीही सक्तीची झाली. ही लिपी वरून खाली लिहितात, तिच्या ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात, आणि अक्षराचा आकार शब्दातील जागेनुसार बदलतो. युनिकोडमध्ये ती १९९९ मध्ये आली. तरी आडव्या ओळी गृहीत धरणाऱ्या आज्ञावलीत ती नीट बसवणे सोपे नाही. शिवाय पश्चिमेकडील बायान-उल्गी प्रांतात बहुसंख्य लोकांची मातृभाषा कझाक आहे.

हा मुद्दा आपल्यालाही जवळचा आहे. भारतीय राज्यघटनेचे ३५० वे कलम संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. कोऱ्या कागदावर हा हक्क बजावता येतो, कारण कागद भाषा विचारत नाही. पडद्यावर मात्र भाषांची यादी, रकाने आणि निवडीचे पर्याय आधीच ठरलेले असतात. जे यादीत नाही ते लिहिताच येत नाही. बेळगाव असो की बायान-उल्गी, भाषेचा निर्णय आराखड्याच्या पहिल्या पानावर व्हायला हवा. आणि सामान्य माणसाला कळतील असे शब्द घडवण्याचे काम तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही. त्या बैठकीत शिक्षक आणि लेखक बसले पाहिजेत.