लांब दांड्याची विजेची करवत : वापर, निगा आणि दक्षता

मे महिन्याचा उत्तरार्ध आला की आपल्या बमरोली परिसरातील सोसायट्यांच्या सभांत एक विषय हटकून निघतो : पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी. हौसेने लावलेले गुलमोहर, आसोपालव, शेवगे आता गच्चीपर्यंत पोहोचले आहेत. त्यांची सावली हवीहवीशी वाटते, परंतु जूनच्या पहिल्या वावटळीत कडाडून मोडणारी फांदी कोणालाच नको असते. ही भीती अनाठायी नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेचा मृत्यू झाला होता. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा सुरतेतही झाडे उन्मळून पडली. छाटणी आवश्यक आहे, याबद्दल दुमत नसावे. प्रश्न आहे तो छाटणी कशी करावी आणि कोणाच्या हातून करवून घ्यावी, हा.

पूर्वी कोयता कमरेला खोचून झाडावर चढणारा माणूस बोलावला जाई. अलीकडे त्याची जागा ‘पोल चेन-सॉ’ या यंत्राने घेतली आहे. लांब दांडा, त्याच्या टोकाला छोटी साखळी-करवत आणि वीज घरातील प्लगमधून किंवा बॅटरीतून. खानदेशातून आलेल्या आपल्या मंडळींना आंबे आणि शेवग्याच्या शेंगा काढण्याची आकडी परिचयाची आहे. हे यंत्र म्हणजे तिचीच आधुनिक आवृत्ती, असे प्रथमदर्शनी वाटते. याच समजुतीमुळे अपघात घडतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एका तरुण पहारेकऱ्याला उचलून आणले होते. सोसायटीतील गुलमोहराची एक फांदी काढायची होती. तो उंच आणि अंगाने मजबूत म्हणून यंत्र त्याच्या हाती देण्यात आले. करवतीचे टोक पानांआडच्या तारेला लागले आणि तो फेकला गेला. हाताचा तळवा भाजला, मनगटाचे हाड मोडले. जीव वाचला, हे नशीब. मागाहून चौकशी करता असे कळले की, त्याला यंत्र चालू आणि बंद कसे करायचे एवढेच सांगितले होते. वर तार आहे हे सर्वांना ठाऊक होते. दांडा लांब आहे आणि माणूस जमिनीवर उभा आहे, तेव्हा त्याला काही होणार नाही, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत दूर व्हावी, हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

वैद्यकाशी जुने नाते

आपल्या व्यवसायबंधूंना एक गोष्ट मनोरंजक वाटेल. साखळी-करवतीचा जन्म जंगलात नव्हे, शस्त्रक्रियागृहात झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडमधील दोन डॉक्टरांनी हाडे कापण्यासाठी दातेरी साखळीचा उपयोग सुचविला. अडलेल्या बाळंतपणात कटीरास्थींचा सांधा मोकळा करणे, हा त्यामागील एक उद्देश होता. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीतील वुर्झबर्ग येथे बर्नहार्ड हाइने यांनी हाताने फिरविण्याचे ‘ऑस्टिओटोम’ हे उपकरण तयार केले. त्यात दातेरी साखळी एका पट्टीभोवती फिरत असे, आजच्या चेन-सॉसारखीच. लाकडासाठी विजेवर चालणारी करवत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये बनविली. तिचे वजन सुमारे ६४ किलो होते आणि ती उचलायला दोन माणसे लागत. आज आपल्या हाती येणारी करवत दांड्यासह साधारण तीन ते पाच किलोंची असते. वजन घटले, पण साखळीचा स्वभाव बदललेला नाही. जी साखळी हाडासाठी निर्माण झाली, तिला लाकूड आणि हाड यांतील भेद आजही कळत नाही.

खरा धोका वर असतो

या यंत्राचा दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम हा विजेचा उत्तम वाहक आहे. काही दांडे फायबरचे असतात, परंतु धूळ, तेल किंवा ओलावा बसल्यावर त्यांच्यावरही विसंबता येत नाही. कोणताही दांडा वीजरोधक नाही असे मानूनच काम करावे. रबरी तळव्याच्या चपलांवर भिस्त ठेवणे तर निव्वळ भाबडेपणा होय.

येथे आणखी एक गैरसमज आढळतो. ‘आमच्याकडे ई.एल.सी.बी. बसविलेला आहे’ किंवा ‘आमचे यंत्र बॅटरीवरचे आहे’, असे सांगितले जाते. आपल्या यंत्राच्या वायरमधून वीज गळली, तर ३० मिलिॲम्पिअरचा ई.एल.सी.बी. क्षणार्धात पुरवठा तोडतो, म्हणून तो हवाच. परंतु वरच्या तारेतील वीज आपल्या प्लगमधून आलेली नसते. ती तारेतून दांड्यात, दांड्यातून देहात आणि देहातून जमिनीत जाते. आपल्या घरातील ई.एल.सी.बी.ला त्याचा पत्ताही लागत नाही. बॅटरीच्या यंत्रालाही हाच नियम लागू आहे.

हिशेब साधा आहे. ओल्या त्वचेच्या माणसाच्या देहाचा विद्युत्-रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेतून त्याच्या देहात २३० मिलिॲम्पिअर प्रवाह जाईल. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीबद्दल तर बोलायलाच नको. तेथे टोक नुसते जवळ गेले तरी ठिणगी उडी घेऊ शकते. म्हणूनच अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत विजेच्या तारांपासून १० ते १५ मीटर अंतर राखण्यास सांगितलेले असते. आपल्या गल्ल्यांत एवढे अंतर क्वचितच मिळते. तेव्हा व्यवहारातला नियम असा : ज्या फांदीजवळून तार जाते, किंवा जी फांदी पडताना तारेवर पडू शकते, ती आपली नव्हे. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करवून घ्यावा आणि ते काम जाणकारांकडूनच करवून घ्यावे. त्यासाठी चार दिवस थांबावे लागले, तरी थांबावे.

कामापूर्वी

झाड रस्त्यावरचे असो वा आवारातले, महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे परवानगीची चौकशी करावी. फांदीत कावळ्याचे घरटे आहे का, तेही पाहावे. पिल्ले उडेपर्यंत ती फांदी राहू द्यावी.

काम करणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा, हातांत मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे घट्ट कपडे आणि पायांत बूट असावेत. ओढणी, उपरणे किंवा लोंबती लुंगी यांना येथे स्थान नाही. साधारण १५ मीटरच्या परिघात इतर कोणी, विशेषतः मुले, येऊ नयेत. त्यासाठी एका माणसाला केवळ राखण करायला उभे करावे.

वायर अखंड असावी. चिकटपट्टी लावलेली वायर वापरूच नये. लांब आणि बारीक एक्स्टेन्शनमुळे व्होल्टेज घटते आणि मोटर तापते. म्हणून लांबी वाढेल तशी वायर जाड घ्यावी. पाऊस पडत असताना, जमीन ओली असताना किंवा जोराचा वारा असताना काम बंद ठेवावे.

काम करताना

शिडीवर, कठड्यावर अथवा पत्र्यावर उभे राहून हे यंत्र वापरू नये. दोन्ही पाय सपाट जमिनीवरच असावेत. दांडा दोन्ही हातांनी धरावा, खांद्याचा पट्टा असल्यास तो लावावा. दांड्याचा जमिनीशी होणारा कोन ६० अंशांपेक्षा अधिक नसावा. कोन वाढला की माणूस नकळत फांदीच्या खाली येतो आणि तोडलेली फांदी दांड्यावरून घसरत थेट त्याच्याकडे येते. मागे सरकण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी.

जड फांदी एकदम कापू नये; टोकाकडून तुकड्या-तुकड्यांनी काढावी. प्रत्येक जाड तुकड्याला आधी खालून, जाडीच्या सुमारे पाव भागापर्यंत, खाच द्यावी. मग त्या खाचेच्या किंचित बाहेरच्या बाजूने वरून कापावे. खालची खाच नसेल तर फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल लांबवर सोलली जाते. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कंगोऱ्याच्या बाहेरून घ्यावा. त्या कंगोऱ्यातील पेशीच पुढे जखम झाकतात. आपल्या शस्त्रक्रियेप्रमाणेच झाडाचीही जखम स्वच्छ आणि नेमकी असेल, तर लवकर भरते. तिला डांबर किंवा रंग फासण्याची गरज नसते.

साखळी पूर्ण वेगात आल्यावरच ती लाकडाला लावावी. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला तर करवत जोराने मागे उसळते, हे लक्षात ठेवावे. पट्टी फांदीत अडकली तर ओढाताण न करता प्रथम यंत्र बंद करावे आणि प्लग किंवा बॅटरी काढावी. तोल सांभाळत मान वर करून हे वजन पेलणे खांद्याला व मानेला त्रासदायक असते. दर दहा मिनिटांनी विश्रांती घ्यावी. थकलेला हातच चूक करतो.

यंत्राची निगा

कोणतीही देखभाल करण्यापूर्वी प्लग किंवा बॅटरी काढणे, ही पहिली पायरी. नंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

तेल : पट्टी आणि साखळी यांना सतत तेल लागते. आपल्या भागात लूमचे पातळ तेल सहज मिळते, म्हणून तेच ओतण्याचा मोह होतो. ते इतके पातळ असते की साखळीवर न टिकता उडून जाते, आणि पट्टी तापून झिजते. वाहनाचे जळके तेलही वापरू नये. साखळीसाठी मिळणारे चिकट तेलच वापरावे. चालू करवतीचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर थोड्या अंतरावर धरावे. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर तेल पोहोचते आहे असे समजावे.

ताण : साखळी पट्टीवर बेताने घट्ट असावी. मोजे घालून ती मधोमध किंचित ओढून सोडली असता परत जागेवर बसावी आणि हाताने सहज सरकावी. नवी साखळी लवकर सैल पडते, म्हणून सुरुवातीला वारंवार पाहावे. तापलेल्या साखळीचा ताण वाढविला असेल, तर काम संपताच तो कमी करावा, कारण निवताना साखळी आकसते.

धार : धारदार साखळी लाकडाच्या चिपा काढते, बोथट साखळी भुसा पाडते. भुसा दिसू लागला आणि जोर द्यावा लागला की धार लावण्याची वेळ झाली. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या मापाचीच गोल कानस वापरावी आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत. बोथट करवत अधिक सुरक्षित असते, हा भ्रम आहे. तिला जोर लावावा लागतो आणि तोल तेथेच जातो.

पट्टी आणि साठवण : पट्टीची खाच आणि तेलाचे छिद्र प्रत्येक वेळी साफ करावे. पट्टी अधूनमधून उलटी बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. मोटरच्या झरोक्यांतील भुसा ब्रशने काढावा. यंत्र पाण्याने धुऊ नये. ठेवताना पट्टीवर म्यान चढवावे. बॅटरी अर्धी भारित करून सावलीत ठेवावी. सुरतेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ती लवकर खराब होते. खोलीला कुलूप असावे.

अपघात झाल्यास

विजेच्या धक्क्याने चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. घरगुती वीज असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. उच्च दाबाच्या तारेचा प्रश्न असेल तर वीज कंपनीने पुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये, कारण आसपासची जमीनही विद्युत्‌भारित असू शकते. १०८ वर फोन करावा. रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल छातीदाब सुरू करावा.

व्यवसायबंधूंसाठी दोन शब्द. वरचा व्रण लहान दिसला तरी आतील स्नायूंची हानी मोठी असू शकते; ई.सी.जी. आणि लघवीचा रंग यांकडे लक्ष असावे. फेकला गेलेला रुग्ण मानेची इजा असल्याचे गृहीत धरूनच हलवावा. करवतीच्या जखमा फाटक्या असतात आणि त्यांत तेल व भुसा शिरलेला असतो. त्या नीट धुतल्यावाचून शिवण्याची घाई करू नये. धनुर्वाताची लस विसरू नये. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. डोळ्यात लाकडाचा कण गेला असेल तर बुरशीजन्य व्रणाची शंका घ्यावी. अशा वेळी स्टिरॉइडचे थेंब दिल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो.

शेवटी

यंत्र वर्गणीतून येते, पण धोका वर्गणीत विभागला जात नाही. तो ज्याच्या हाती दांडा असतो त्याचा एकट्याचा असतो. आपण गॅलरीतून सहज म्हणतो, ‘जरा तेवढी फांदी काढ रे!’ पगारदार माणूस नाही म्हणू शकत नाही. म्हणून माझी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की, यंत्रासोबत हेल्मेट, चष्मा आणि मोजे खरेदी करावेत. माहितीपुस्तिका समजेल अशा भाषेत वाचून दाखवावी. आणि हातात दांडा देण्यापूर्वी त्या माणसासोबत झाडाखाली उभे राहून स्वतः एकदा वर पाहावे. तार दिसली, तर दांडा परत खोलीत ठेवावा.

तो पहारेकरी आजही भेटतो. त्याचे मनगट पूर्ण वळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीत छाटणी निघाली की तो काही न बोलता बाजूला उभा राहून वर पाहत असतो. ते पाहणे आपण सर्वांनी त्याच्याकडून शिकावे, एवढेच सांगणे आहे.