फुकटच्या सॉफ्टवेअरचे अपडेट : दुकानदारांनो, जरा थांबा

कात्रजच्या आमच्या कापड दुकानात उधारीच्या खात्यांचा बॅकअप एका विकतच्या सॉफ्टवेअरवर होई. भेटयोजनेत ते मोफत मिळाले होते. ईदच्या गर्दीत पडद्यावर 'नवी आवृत्ती' झळकली, मुलाने बटण दाबले आणि परवानाच गेला. जुने बॅकअप उघडायलाही आता तेच सॉफ्टवेअर पैसे मागू लागले.

यात फसवणूक नाही. अट लिहिलेली असते, आपण वाचत नाही. भेटीचा परवाना बहुधा त्याच आवृत्तीपुरता असतो. एक कटपीस फुकट मिळाला म्हणून अख्खा तागा मिळत नाही. 'गिव्हअवे ऑफ द डे'वरील सॉफ्टवेअर तर ठरलेल्या मुदतीतच बसवून चालू करावे लागते. नंतर जुनी फाईल जपलेली असली, तरी ती बसेलच असे नाही. म्हणजे परतीची वाटही बंद.

तेव्हा अशा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आपोआप अपडेट बंद करावे. विंडोज व अँटीव्हायरसचे मात्र कधीही रोखू नये. जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या फटी राहतात, म्हणून फोटो लहान करण्यासारख्या किरकोळ कामालाच ती ठेवावी. खात्यांची एक प्रत साध्या एक्सेल फाईलमध्ये, वेगळ्या पेनड्राइव्हवर असू द्यावी. आमची नव्हती. दोन रात्री कच्च्या वहीवरून उधारी पुन्हा चढवली.